साभार परत

लेख ‘साभार परत’ आला की लिहिणाऱ्याचे तोंड उतरायचे, हे पूर्वापार चालत आले आहे. पण ‘सत्यकथे’चे श्री. पु. भागवत लेखकाला नेमके कुठे बिनसले आहे ते कळवीत, आणि लोक ती पत्रे जपून ठेवीत.

आता आमच्या सोलापुरात निराळाच प्रकार दिसतो. कॉलेजातली तरुण मंडळी संशोधनपर निबंध पाठवतात आणि तो परत येतच नाही! दोन दिवसांत ‘स्वीकृत’ असा निरोप येतो, खाली बँकेचा खातेक्रमांक. नियतकालिकाच्या नावात ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द हटकून असायचाच. चादरीच्या व्यापाऱ्याला यात नवल वाटणार नाही. परगावच्या मालावर ‘सोलापुरी’ छाप त्याने पुष्कळदा पाहिलेला असतो.

या मुलांना हसू नये. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला कायम जागा हवी असते, आणि निवडीच्या वेळी छापील निबंधांना गुण असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली, तर तिच्यातून २०१८ च्या मे महिन्यात एकदम ४,३०५ नावे काढावी लागली. २०१९ साली ‘केअर’ नावाची नवी यादी आली. २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद झाली. आता बरेवाईट ज्या त्या संस्थेने पारखायचे आहे. पीएच.डी.साठी आधी निबंध छापलाच पाहिजे, ही सक्ती तर २०२२ मध्येच गेली. पण नोकरीची चिंता थोडीच गेली?

आमच्या एका भाचीने मात्र वेगळी वाट धरली. तिचा विषय राम जोशी. उत्तर पेशवाईतला हा शाहीर आमच्याच गावचा. पण घरोघरी तो माहीत झाला १९४७ च्या ‘लोकशाहीर राम जोशी’ या बोलपटामुळे. त्याच्या रचनेत मराठीला संस्कृत, कानडी येऊन भेटतात, आणि त्यावर हिने पंधरा पाने लिहून एका त्रैमासिकाकडे धाडली. पाच महिने शब्द नाही. मग दोन परीक्षकांचे अभिप्राय आले. परीक्षकांना हिचे नाव ठाऊक नव्हते, हिला त्यांचे नाही. पहिल्याने विचारले होते : पाठ कोणत्या प्रतीतून घेतला? छापील आवृत्त्यांत फरक आहेत, ते ताडून पाहिले का? आयुष्यातला हा प्रसंग अस्सल साधनातला, की बोलपटातला? दुसऱ्याने एकच ओळ लिहिली होती : कानडी शब्दांचे अर्थ कानडी जाणणाऱ्याकडून तपासून घ्यावेत.

बाई दोन दिवस जेवल्या नाहीत म्हणा ना! “मामा, त्यांना छापायचंच नसेल,” म्हणाली. पण छापायचे नसते तर कोण एवढे बारीक वाचील? शेवटी गल्लीतल्या एका कानडी आजींकडे वही घेऊन गेली. दोन शब्दांचे अर्थ साफ उलटे निघाले. त्यावर उभे केलेले अख्खे प्रकरण तिने स्वतःच काढून टाकले. पैसे भरून निबंध छापला असता, तर ते उलटे अर्थ पुढच्या विद्यार्थ्याने प्रमाण मानून उतरून घेतले असते.

‘विविधज्ञानविस्तार’ १८६७ पासून १९३७ पर्यंत चालले, त्यातले जुने निबंध आजही अभ्यासक उघडून पाहतात. असली मासिके आजही बहुधा वर्गणीवर आणि संपादकांच्या बिनपगारी संध्याकाळींवर चालतात. उत्तराला उशीर होतो तो त्यामुळे. पण उमेदवाराच्या मुलाखतीची तारीख काही त्यांच्यासाठी थांबत नाही, आणि खरी अडचण इथेच आहे. भाचीचा सुधारलेला निबंध पुन्हा परीक्षकांकडे गेला आहे. मुलाखत पुढच्याच महिन्यात.

कॉलेजांच्या निवड समित्यांना आमची एक विनंती आहे. उमेदवाराला निबंधांची यादी आणायला सांगता, त्याऐवजी एकच निबंध आणायला सांगा, छापलेला असो वा नसो. तो आदल्या रात्री वाचून या, आणि त्याच्या तिसऱ्या पानावर एखादा प्रश्न विचारा.