कुलूप चोराचं, कपाट आपलं!

चोर घरात शिरतो, दागिने उचलतो आणि पसार होतो. ही आपल्या ओळखीची चोरी. पण समजा, त्याने काहीच नेलं नाही. उलट आपल्याच कपाटाला स्वतःचं कुलूप ठोकलं आणि किल्लीसाठी पैसे मागितले तर? कॉम्प्युटरच्या जगात हे सर्रास घडतं. त्याला म्हणतात ‘रॅन्समवेअर’. रॅन्सम म्हणजे खंडणी.

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरने सुमारे १५० देशांतले दोन लाखांहून अधिक कॉम्प्युटर अडवले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत ठरलेल्या शस्त्रक्रियाही पुढे ढकलाव्या लागल्या. खरं तर ती फट बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिलं होतं. अनेकांनी ते घेतलंच नव्हतं! नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर असाच हल्ला झाला, तेव्हा तिथली कामं कागदावर करायची वेळ आली.

‘आपल्याकडे कोण कशाला येईल?’ असं मात्र म्हणू नका. असे मेल हजारोंना एकदम जातात. त्यातलं खोटं ‘बिल’ उघडलं, कुठून तरी फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं, की दार उघडलंच समजा. मग बचत गटाचा हिशेब, शिवणाच्या ऑर्डरी, बारशाचे फोटो समोर दिसतात, पण उघडत नाहीत.

मैत्रिणींनो, या चोराचा सगळा जोर आपल्याकडे एकच प्रत असण्यावर असतो. दुसरी प्रत असली की धमकीतली निम्मी हवा गेलीच! म्हणून दर आठवड्याला महत्त्वाच्या फाइली वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवा. काम झालं की ती काढून कपाटात ठेवा. जोडलेलीच राहिली तर तिलाही कुलूप लागतं. अपडेटची सूचना आली की ‘नंतर बघू’ नको.

एवढं करूनही घात झालाच, तर आधी इंटरनेट तोडा. खंडणी भरू नका. पैसे देऊन किल्ली मिळेलच, असं नाही. १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा पोलिसांत तक्रार करा.

‘ते कॉम्प्युटरचं मुलगा बघतो’ हे आता पुरे. पै-पैचा हिशेब आपण ठेवतो, तर त्याची राखणही आपणच करायला हवी. गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारा, ‘आपल्या हिशेबाची दुसरी प्रत कुठे आहे?’