तटस्थतेचे दुकान

पुस्तकांच्या दुकानाने राजकारणात तोंड घालू नये, असे मत हल्ली बऱ्याच सभ्य मंडळींकडून ऐकू येते. गोरेगावातल्या एका सुविद्य गृहस्थांनी तर ते अलीकडे इतक्या ठामपणे मांडले आहे, की गप्प बसणे म्हणजे मान्य करणे ठरेल. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. दुकान हे दुकान, व्यासपीठ नव्हे. वाणी तूरडाळ तोलताना सरकारी धोरणावर भाष्य करत नाही, मग पुस्तकवाल्याने का करावे? त्याने भूमिका घेतली की निम्मे गिऱ्हाईक जाते. पूर्वीचे विक्रेते असले उद्योग करत नसत. उद्या कोणी दगड मारला तर काच कोण भरून देणार? आणि पुस्तके विकतो म्हणून त्याला देशाचे कळते, हे कोणी ठरवले? मुद्दे पाच आणि पाचही दिसायला शहाणे. यातला शेवटचा एका ओळीत मिटतो: मत मांडायला पात्रता परीक्षा लागत असती, तर आपले गृहस्थही आज गप्प असते. उरलेल्या चारांत पहिला मुद्दा सगळ्यांचा बाप आहे, म्हणून आधी त्याचा समाचार घेऊ.

तूरडाळ मूगडाळीचे खंडन करत नाही. एका पोत्यातल्या मालावर ‘शेजारच्या पोत्यावर बंदी घाला’ असे छापलेले नसते. पुस्तकांच्या दुकानात मात्र हाच माल असतो. एका फळीवरचे पुस्तक दुसऱ्या फळीवरच्या पुस्तकाला खोटे ठरवत असते, आणि दोन्हींची पाठ कोणत्या बाजूला करायची हे विक्रेता ठरवतो. मराठीत वर्षभरात निघणारी सगळी पुस्तके मावतील एवढी जागा उपनगरातल्या दोन-तीनशे चौरस फुटांच्या गाळ्यात नसते. म्हणजे निवड आली. दारासमोरच्या टेबलावर काय उताणे ठेवायचे, काचेत काय लावायचे, कोणते पुस्तक कपाटात कणा बाहेर करून उभे करायचे आणि कोणत्या पुस्तकाविषयी ‘मागवून देतो, आठ दिवसांनी या’ म्हणायचे, हे सगळे रोज सकाळी शटर वर गेल्यापासून चालू असते. डिसेंबर 2022 मधला तो आठवडा आठवून पाहावा. कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’च्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला 6 तारखेला राज्य शासनाचा पुरस्कार जाहीर झाला आणि 12 तारखेला शासन निर्णय काढून तो रद्द करण्यात आला. त्या दिवशी ज्या विक्रेत्याच्या दुकानात ते पुस्तक होते, त्याने काय करायचे? पुढे मांडले तर भूमिका, मागे सरकवले तर भूमिका, होते तिथेच ठेवले आणि विचारणाऱ्याला ‘संपले’ म्हटले तर तीही भूमिकाच, वर खोटी. आमच्या गृहस्थांनी चौथा पर्याय सुचवावा. आम्ही वाट पाहतो.

ही निवड खासगी असते, तिला राजकारण म्हणू नका, असे उत्तर येईल. पण विक्रेता खासगी राहू शकतो हे निदान आपल्या कायद्याला तरी मान्य नाही, आणि हे मुंबईच्याच एका दुकानावरून ठरलेले आहे. ‘हॅपी बुक स्टॉल’ हे त्या दुकानाचे नाव. डी. एच. लॉरेन्सच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ची प्रत 1959 मध्ये तिथून एका बनावट गिऱ्हाइकाने विकत घेतली आणि दुकानाच्या चार भागीदारांवर भारतीय दंडविधानाच्या 292 व्या कलमाखाली खटला उभा राहिला. मुल्कराज आनंद यांच्यासारख्या लेखकाने बचावाच्या बाजूने साक्ष दिली. दंड झाला वीस रुपये. भागीदारांपैकी रणजित उदेशी हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत घेऊन गेले. बाजारात इतकी पुस्तके येतात, विक्रेत्याने प्रत्येक पुस्तक वाचून त्यात काय आहे ते जाणावे ही अपेक्षा कशी करता, हा त्यांच्या बाजूचा एक युक्तिवाद होता. हा आमच्या गृहस्थांचाच युक्तिवाद आहे: मी फक्त विकतो. पाच न्यायमूर्तींच्या पीठाने 1964 मध्ये तो फेटाळला. पुस्तक अश्लील आहे हे विक्रेत्याला ठाऊक होते, असे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर नाही, असे न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लिहिले. त्याच पुस्तकापायी लंडनमध्ये चाललेल्या खटल्यातून पेंग्विनसारखा बडा प्रकाशक 1960 मध्ये निर्दोष सुटला होता. मुंबईच्या स्टॉलवाल्याची शिक्षा मात्र कायम राहिली. तो निकाल बरोबर की चूक, हा वेगळा वाद आहे आणि आमच्या मते तो चूकच होता. पण त्यातून एक गोष्ट उघड होते. पुस्तकातल्या मजकुराची शिक्षा भोगायची वेळ येते तेव्हा विक्रेता हा लेखक-प्रकाशकांच्या पंगतीत बसतो. मग त्याच मजकुराच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलायची वेळ आली, की त्याला ‘तू तर नुसता दुकानदार’ म्हणून पंगतीतून उठवायचे, हा कुठला न्याय?

हे तटस्थतेचे प्रकरण मराठीला नवे नाही. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या वादावर आपल्याकडे दोन-तीन पिढ्यांनी शाईच्या दौती रिकाम्या केल्या. त्या वादातल्या एका पक्षाची गंमत अशी, की दिवाणखान्यातला प्रणय रंगवला की ती शुद्ध कला ठरे आणि गिरणीतला संप रंगवला की प्रचार. आपल्याला सवयीचे ते निखळ आणि दुसऱ्याचे ते राजकीय, ही वाटणी तेव्हाही सोयीची होती. तटस्थतावाद्यांची आजची वाटणी याहून निराळी नाही. पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय 16 एप्रिल 2025 ला निघाला आणि 29 जूनला तो मागे घेतल्याची घोषणा झाली. मराठी पुस्तकांच्या दुकानाने या काळात मराठीच्या बाजूने फलक लावला असता, तर आमच्या गृहस्थांनी त्याला राजकारण म्हटले असते का? छे, ती अस्मिता. पण हा निर्णय सरकारने घेतला, विधिमंडळात गाजला, पक्षांनी मोर्चे ठरवले. राजकारण यापेक्षा वेगळे काय असते? आता गोरेगावचेच दुसरे उदाहरण घ्या. स्टेशनाच्या पूर्वेला आरे आहे. मेट्रोच्या कारशेडसाठी 4 ऑक्टोबर 2019 च्या रात्री तिथे करवती चालू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडे गेली. गोरेगावातल्या एखाद्या पुस्तकवाल्याने त्या आठवड्यात काचेत झाडांची आणि जंगलांची पुस्तके लावून वर ‘आरे वाचवा’ अशी चिठ्ठी डकवली, तर ते मात्र व्यासपीठ! भाषेविषयी बोललास तर शाबास, झाडाविषयी बोललास तर दुकान सांभाळ. तेव्हा या मंडळींची तक्रार भूमिकेविषयी नाहीच, ती न आवडणाऱ्या भूमिकेविषयी आहे.

पूर्वीचे विक्रेते असे नव्हते, या मुद्द्याला फार जागा द्यायची गरज नाही. पूर्वी म्हणजे कधी? निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात ‘किताबखाना’ नावाचे पुस्तकांचे दुकान काढले, ते काय वह्या-पेन्सिली खपवायला? शाळा, छापखाना, वर्तमानपत्र आणि पुस्तकांचे दुकान ही त्यांच्या लेखी एकाच कामाची चार अंगे होती, आणि ते काम काय होते हे इंग्रज सरकारला नीट कळत होते. फोर्टातल्या पीपल्स बुक हाऊसने आपला डावा रंग कधी लपवला नाही. गोविंद पानसरे यांचे ‘शिवाजी कोण होता?’ लोकवाङ्मय गृहाने काढले आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. उजव्या बाजूला पुण्याच्या भारतीय विचार साधनेने आपली बाजू तितक्याच उघडपणे मांडली. यांतल्या कोणाशीही भांडता येते. तिथे पायरी चढण्याआधीच आपण कुठे आलो आहोत हे वाचकाला कळते, एवढा त्यांचा प्रामाणिकपणा.

गिऱ्हाईक तुटते म्हणणाऱ्यांनी 6 डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी, दादरला शिवाजी पार्कावर जावे. ताडपत्रीखाली फळ्या टाकून मांडलेली पुस्तके, बाजूला पंचशील ध्वज आणि दिनदर्शिका, भारताचे संविधान, ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’, आंबेडकरांच्या भाषणांचे खंड. आणि विदर्भ-मराठवाड्यातून गर्दीच्या गाड्यांनी आलेली माणसे पिशवीत भाकरीशेजारी पुस्तक ठेवून परत जाताना दिसतात. तिथल्या विक्रेत्याची बाजू कोणती, हा प्रश्न कोणाला पडत नाही आणि खरेदी मात्र तटस्थ दुकानांनी हेवा करावा अशी होते. दगडाचे म्हणाल, तर दगड भूमिका विचारून येत नाही. भांडारकर संस्थेवर 5 जानेवारी 2004 ला हल्ला झाला, तेव्हा शिवाजी महाराजांवरचे ते वादग्रस्त पुस्तक संस्थेने लिहिलेही नव्हते आणि छापलेही नव्हते. लेखकाने तिचे आभार मानले होते इतकेच. श्रीनगरच्या दुकानांतून फेब्रुवारी 2025 मध्ये पोलिसांनी साडेसहाशेहून अधिक प्रती उचलल्या, त्या कपाटात काय आहे ते पाहून. मौन हा विमा असेल, तर त्याचे दावे मंजूर होताना दिसत नाहीत. खरी भीती निराळी आहे. राज्यातल्या हजारो सार्वजनिक ग्रंथालयांची खरेदी सरकारी अनुदानावर चालते आणि त्या ऑर्डरीवर पुष्कळ विक्रेत्यांचे वर्ष निघते. सरकार नाराज झाले तर त्या ऑर्डरी जातील, ही भीती खरी आहे आणि तिला हसण्यात अर्थ नाही. पण मग तिला भीती म्हणावे. तिच्यावर तत्त्वाची शाल पांघरू नये.

मग आमचे म्हणणे काय? ते लांबलचक नाही. दुकानाने उठसूट प्रत्येक बातमीवर फलक लावावा असे आम्ही म्हणत नाही; तसे करणारा लवकरच पुस्तके विकायचे विसरतो. अमुक चिन्हासमोरचे बटण दाबा हे सांगण्याचा त्याला हक्क आहे, आमचा सल्ला मात्र तसा नाही. पण पुस्तक, वाचक आणि ज्या वस्तीत दुकान उभे आहे ती वस्ती, या तिन्हींना हात लागला की त्याने बोललेच पाहिजे. पुस्तकावर बंदी आली, पुरस्कार देऊन काढून घेतला, टपाल खात्याने डिसेंबर 2024 मध्ये स्वस्तातले रजिस्टर्ड बुकपोस्ट बंद करून छोट्या विक्रेत्याचे पार्सल महाग केले, शेजारची मराठी शाळा बंद पडली, तर हे त्याच्या धंद्याचे प्रश्न आहेत आणि राजकारणाचेही. गोरेगावात तरी हे समजावून सांगावे लागू नये. नळाला पाणी का येत नाही, हा प्रश्न राजकीय आहे हे मृणाल गोरे यांनी याच गावात हंडे-कळशा घेतलेल्या बायकांच्या मोर्चांनी शिकवले. अट दोनच. बोलायचे ते दुकानाच्या नावाने, उघड. ‘वाचकांची मागणी’ असा बुरखा घेऊन नाही. आणि ज्याच्या विरुद्ध बोललो त्याचे पुस्तक कोणी मागितले, तर कुरकूर न करता कागदात बांधून द्यायचे. जो विक्रेता दुसरी अट पाळणार नाही, त्याच्यापेक्षा आमचे तटस्थ गृहस्थ परवडले.

वाचकांनाही एक सांगणे आहे. दुकानदाराचे मत पटले नाही म्हणून रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथने जाऊ नका. आत जा, त्याच्याशी भांडा, आणि निघताना एक पुस्तक विकत घ्या. त्या दिवशी तरी सवलत मागू नका.