मुकादमाच्या आधी कोण पोहोचणार?

दिवाळी सरली की साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील वनवासी पाड्यांवर घरांना कड्या लागू लागतात. घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको कोयता घेऊन गुजरातच्या उसात उतरतात. पोरेही मागोमाग जातात. अशा पाड्यावर मिशनरी पोहोचल्याची वार्ता आली की शहरी समाज संतापतो. संताप अनाठायी नाही. भुकेल्याला घास देऊन बदल्यात श्रद्धा मागणे, याला सेवा म्हणता येत नाही. पण मिशनऱ्याच्या आधी तेथे कोण गेले होते?

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदा सदन काढले ते धर्माबाबत तटस्थ राहण्याचे वचन देऊन. मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जात असल्याचे दिसताच १८९३ मध्ये रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. योग्यच झाले. मात्र १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुलींना उचलून केडगावला आणले ते रमाबाईंनीच. तेथे उपासना ख्रिस्ती होती, हे खरे. पण शेती, विणकाम, छपाईही होती. मुलगी नुसती जगली नाही, कमावती झाली.

याला हिंदू समाजाचे खरे उत्तर अग्रलेखांतून मिळाले नाही. ते अण्णासाहेब कर्व्यांनी दिले. त्यांच्या पत्नी आनंदीबाई शारदा सदनातच शिकलेल्या. म्हणजे धडा घरातच होता. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम उभारला आणि पुढे हिंगण्याच्या माळावर नेला. फर्ग्युसनमध्ये शिकवून ते रोज तेथे पायी जात. (रमाबाईंवर चिडलेल्या समाजाने विधवेशी विवाह केला म्हणून कर्व्यांनाही मुरुडला वाळीत टाकले होते, हेही विसरू नये.) भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी १९९३ पासून तुळजापूरजवळ यमगरवाडीत चाललेले काम याच वाटेवरचे.

साक्रीला या वाटेची निकड अधिक आहे. १ जुलै २०१८ रोजी याच तालुक्यातील राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार केले. मारणारे आणि मरणारे, दोघेही पोटासाठी गाव सोडणारे.

पाड्यावर मुलांसाठी हंगामी वसतिगृह हवे, उचलीऐवजी बिनव्याजी कर्ज हवे, गावातच चार महिने पुरेल असे काम हवे. उचल वाटली जाते ती पावसाळ्यात, घरातले धान्य संपते तेव्हा. मुकादमाच्या आधी पोहोचायचे तर कार्यकर्त्यांना आषाढातच निघावे लागेल.