तव्यापुरता मासा

अमेरिकेच्या दक्षिण भागात, टेक्सासपासून फ्लोरिडापर्यंत, गोड्या पाण्यातल्या लहान माशांना सरसकट 'पॅनफिश' म्हणतात. पॅन म्हणजे तवा. अख्खाच्या अख्खा तव्यात मावतो तो पॅनफिश. ब्ल्यूगिल, रेडइअर, वॉरमाउथ असे बरेच मासे त्यात येतात. चपटे, काटेरी पराचे, बहुतेक हाताच्या पंजाएवढे. त्यांचा उपयोग नावातच सांगून ठेवला आहे. तरी आज अनेक हौशी लोक हे मासे खाण्यासाठी पकडत नाहीत. दिवसभरात चाळीस-पन्नास मासे काढायचे, एखाद-दुसऱ्याचा फोटो घ्यायचा आणि सगळे पाण्यात परत सोडायचे, हा त्यांचा रविवार. दुसऱ्या टोकाला बादली घेऊन बसलेले लोक असतात. लागेल तो मासा बादलीत, बादली भरेपर्यंत.

माझ्या मते दोघेही चुकतात. मासा तव्यापुरता धरावा आणि तेवढे झाले की काठी गुंडाळावी. त्यातल्या त्यात शरद ऋतूत, उष्ण मुलखातल्या तळ्यावर, फ्लायच्या काठीने हे नीट साधतं, म्हणून तेच उदाहरण घेऊन लिहितो.

हा विषय आपल्या वाचकांना वाटतो तितका परका नाही. कोकण किनाऱ्यावर दालदी मुसलमानांची पिढ्यानपिढ्यांची मासेमारी आहे. खाडीत पाग टाकणारी, गळ लावणारी घरं आपल्यातलीच. त्याच मुलखातली आणि देशावरचीही मुलं आज ह्यूस्टन, डॅलसकडे नोकरीला आहेत. सुट्टीच्या दिवशी जवळच्या तळ्यावर गेली की समोर हाच प्रश्न येतो. मासा पकडून सोडायचा, की घरी न्यायचा? न्यायचा तर किती?

आधी तळं समजून घेऊ. उष्ण मुलखातलं खोल तळं उन्हाळ्यात थरांत विभागलं जातं. वर गरम, हलकं पाणी. खाली थंड, जड पाणी. दोन्ही थर मिसळत नाहीत. खालच्या थरातला प्राणवायू हळूहळू संपतो. वरचं पाणी तापलेलं, खालच्यात श्वास घेता येत नाही, म्हणून मासे मधल्या पट्ट्यात अडकतात आणि काठाला फक्त पहाटे नाही तर संध्याकाळी येतात. सप्टेंबर सरता सरता रात्री गार होऊ लागतात. वरचं पाणी थंड होऊन जड होतं, खाली बसतं आणि तळं ढवळलं जातं. प्राणवायू पुन्हा खोलवर पोचतो. मग ब्ल्यूगिल भरदिवसाही शेवाळाच्या कडेला, पडलेल्या झाडांच्या फांद्यांत, सायप्रसच्या मुळांशी चरताना दिसतात. टेक्सास आणि लुइझियानाच्या सीमेवरच्या कॅडो तळ्यात सायप्रसची झाडं पाण्यातच उभी आहेत आणि शरदात त्यांची पानं गंजाच्या रंगाची होऊन गळतात. हे तळं मुळातच उथळ, त्यामुळे तिथे मासा आणि काठ यांच्यात फार अंतर उरत नाही.

आता फ्लाय. साध्या गळाला शिशाचं नाही तर आमिषाचं वजन असतं आणि ते वजन दोऱ्याला ओढत नेतं. फ्लाय म्हणजे बारीक आकड्यावर पिसं, केस नाही तर फोम बांधून केलेला खोटा किडा. त्याला वजन जवळजवळ नसतं. इथे वजन दोऱ्याचं असतं. जाड दोरा हवेत मागे-पुढे फिरवून सोडला की त्याच्या टोकाला किडा अलगद पाण्यावर उतरतो. ब्ल्यूगिलचं तोंड इवलंसं. आठ ते बारा नंबरचा आकडा, हलकी तीन-चार नंबरची काठी आणि फोमचा कोळी एवढ्यात काम भागतं. मासा किडा बघतो, वर येतो आणि 'चुप्' असा आवाज करून ओढतो. दोरा हातात असल्यामुळे आकडा लगेच ताणला जातो आणि बहुतेक वेळा ओठातच अडकतो. गांडुळाचं तसं नाही. ब्ल्यूगिल गांडूळ गिळतो आणि आकडा घशात, पोटात जातो. असा मासा सोडला तरी जगेलच असं नाही.

म्हणजे शरद आणि फ्लाय या दोन गोष्टींनी एक सोय होते. माणसाला निवड करता येते. हा घेईन, तो सोडीन, असं म्हणता येतं, आणि सोडलेला मासा जगण्याची शक्यता बरीच असते. भर उन्हाळ्यात, तापलेल्या आणि प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात दमवलेला मासा सोडणं म्हणजे पुष्कळदा मेलेला मासा सोडणंच.

आता सोडून देणाऱ्यांचं म्हणणं ऐकू. अमेरिकेत पकडून सोडण्याचा विचार ली वुल्फ यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस जोरात मांडला. त्यामागे कारण होतं. ट्राउट आणि सामन हे थंड पाण्याचे मासे. त्यांच्या नद्या मोजक्या, गळ टाकणारे पुष्कळ. न सोडता सगळे खाल्ले असते तर नद्या रिकाम्या झाल्या असत्या. तिथे तो विचार योग्य होता आणि आजही आहे. पण तोच नियम उष्ण तळ्यातल्या ब्ल्यूगिलला जसाच्या तसा लावता येत नाही. ब्ल्यूगिलच्या एका घरट्यातून हजारो पिल्लं निघतात आणि उष्ण मुलखात वीण वसंतापासून उन्हाळा संपेपर्यंत पुन्हा पुन्हा होते. तळ्यात गर्दी झाली की अन्न पुरत नाही, सगळ्यांची वाढ खुंटते आणि बोटाएवढ्या माशांनी तळं भरून जातं. अशा तळ्यातून काही मासे खाण्यासाठी काढले तर उरलेल्यांचं भलंच होतं.

दुसरा मुद्दा जिवाचा आहे. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ट्राउटच्या तोंडाभोवती आणि डोक्यावर इजा ओळखणारे मज्जातंतू असतात. माशाला माणसासारखी वेदना होते का, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. पण ओठातला आकडा त्याच्या लेखी काहीच नाही, असं आता कोणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. भूक नाही, गरज नाही, तरी पन्नास जिवांच्या ओठात आकडा घालायचा आणि त्याला माशांवरचं प्रेम म्हणायचं, हे मला पटत नाही.

आपल्या परंपरेत या बाबतीत दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. कुराणाने (सूरह अल-माइदा, ५:९६) पाण्यातली शिकार आणि तिचं अन्न हलाल ठरवलं आहे. माशाला जबह करावं लागत नाही. कोकणातले शाफई आणि देशावरचे हनफी यांच्यात खेकड्यावरून मतभेद आहे, पण खवल्यांच्या माशाबद्दल कोणाचाच वाद नाही. इतकी मोकळी परवानगी आहे. त्याच वेळी नुसत्या खेळासाठी जीव घेणं आणि जिवंत प्राण्याला नेमबाजीचं निशाण करणं याला हदीसमध्ये स्पष्ट नापसंती आहे. पकडून सोडण्याबद्दल आजच्या उलेमांचं एकमत नाही, आणि फतवा देण्याची माझी पात्रताही नाही. मला एवढंच दिसतं की परवानगी अन्नासाठी आहे. परवानगीचा हेतू बाजूला सारून नुसती परवानगी वापरणं बरं नव्हे. हे पटायला मुसलमानच असायला हवं, असंही नाही.

आता बादलीवाल्यांकडे वळू. त्यांची बाजू वरवर भक्कम दिसते. आम्ही खातो, वाया घालवत नाही आणि कायदाही आमच्या बाजूने आहे, असं ते म्हणतात. कायद्याबद्दल ते खरंही आहे. टेक्सासच्या राज्यभरच्या नियमांत ब्ल्यूगिलला लांबीची अट नाही आणि दिवसाची मर्यादाही नाही. काही तळ्यांना वेगळे नियम आहेत एवढंच. फ्लोरिडात सगळे पॅनफिश मिळून दिवसाला ५० चालतात. पण चार माणसांच्या घरात पन्नास माशांचं काय होतं? दहा-बारा खाल्ले जातात, बाकीचे फ्रीजरमध्ये जातात आणि पुढच्या उन्हाळ्यात बर्फाने पांढरे झालेले कचऱ्यात. आपल्याकडे यालाच इसराफ म्हणतात.

याहून मोठं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. ब्ल्यूगिलमध्ये घरटं नर करतो. शेपटीने तळाची रेती उडवून बशीसारखा खड्डा करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि तो एकटा पहारा देतो. पराने वारा घालतो, अंडी खायला येणाऱ्यांना हाकलतो, त्या दिवसांत स्वतः नीट खातही नाही. सगळ्यात मोठे, जाड कपाळाचे मासे बहुतेक हेच राखणदार नर असतात. बादलीत पहिल्यांदा जातात तेही हेच. इलिनॉय राज्यातल्या तळ्यांवरच्या अभ्यासांत दिसलं आहे की मोठे नर उरले नाहीत की लहान नर लवकर वयात येतात आणि त्यांची वाढ थांबते. तळ्यात मासे असतात, पण तव्याजोगे राहत नाहीत. शरदात वीण बहुतेक आटोपलेली असते, म्हणून आता मोठा नेला तरी काय बिघडलं, असं वाटतं. पण येत्या वसंतात घरटं राखणारा तोच असतो.

एक गोष्ट सोडण्याबद्दलही सांगायला हवी, कारण सोडणं म्हणजे नेहमी दया असं नाही. १९६० मध्ये जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो अमेरिकेत गेले असताना शिकागोच्या महापौरांनी त्यांना ब्ल्यूगिल भेट दिले. खाण्यासाठी वाढवता येतील म्हणून ते जपानला नेले गेले. पुढे ते नद्या-तळ्यांत पसरले आणि बिवा तळ्यातल्या मूळच्या माशांना जड झाले. २००७ मध्ये सम्राट झालेल्या अकिहितोंनी त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. आपल्याकडे तिलापिया १९५२ मध्ये बाहेरून आला. आज उजनीचा 'चिलापी' म्हणून तो लोकांच्या ताटात आहे, आणि तो पाण्यातून परत काढणं आता कोणाच्या हातात नाही. म्हणून मासा सोडायचा तर जिथे धरला तिथेच सोडावा. बादलीत घालून दुसऱ्या तळ्यात नेऊ नये.

एवढं सगळं मांडल्यावर व्यवहारात काय करायचं, ते सोपं आहे. घरातून निघतानाच खाणारी तोंडं मोजा. माणशी दोन-तीन मासे पुरे. आकड्याची उलटी नखी पक्कडीने दाबून टाका, म्हणजे सोडायचा मासा पटकन सुटतो. मधल्या आकाराचे घ्या, बोटाएवढे आणि सगळ्यात मोठे सोडा. माशाला ओल्या हाताने धरा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. जो घ्यायचा त्याला बादलीत तडफडत ठेवू नका, लगेच मारून बर्फात घाला. त्या तळ्यातल्या माशांत पाऱ्याबद्दल सरकारी सूचना आहे का, तेही आधी बघा. किडे-गोगलगायी खाणाऱ्या लहान माशांत पारा सहसा मोठ्या शिकारी माशांपेक्षा कमी असतो, पण तरी बघा. आणि मोजलेले मासे पुरे झाले की थांबा. किडा अजून लागत असेल, तळं सोन्यासारखं चमकत असेल, तरी थांबा. सगळ्यात कठीण तेच आहे.

घरी आल्यावर खवले काढा, पोट साफ करा, दोन्ही अंगांना चिरा द्या. तिथले लोक मक्याच्या पिठात घोळवून तळतात, आपण हळद-तिखट-मीठ आणि आगळ लावून तांदळाच्या पिठात. दोन्ही चांगलं लागतं. काटे जपून काढा, लहान मुलांना शेजारी बसवून भरवा. ताटात एवढा ऐवज असताना फ्रीजर भरायची गरज भासत नाही आणि पन्नास मासे नुसते खेळवायचीही नाही.

कायदा जास्तीत जास्त किती ते सांगतो. किती पुरे, हे त्याने सांगायचं नसतंच. ते ज्याच्या घरी तवा आहे त्याने ठरवायचं.