एजन्सीतली पहिली नोकरी

एजन्सी म्हटले की आपल्या घरांत अजूनही दोनच गोष्टी आठवतात. एक गॅसची एजन्सी आणि दुसरी वॉचमन पुरवणारी एजन्सी. त्यामुळे नालासोपारा-विरारच्या एखाद्या चाळीतली मुलगी पदवी घेऊन "मी पी.आर. एजन्सीत लागले" असे सांगते, तेव्हा आईचा पहिला प्रश्न असतो, "म्हणजे काय करायचं गं तिथे?" मुलगी स्वतःच नवखी, तिलाही ते दोन वाक्यांत सांगता येत नाही. वडील विचारतात, "पर्मनंट आहे का?" शेजारी विचारतात, "सरकारी परीक्षा का नाही देत?" असे प्रश्न घेऊन पालक आमच्याकडेही येतात. म्हणून या नोकरीविषयी, आणि विशेषतः तिच्या पहिल्या वर्षाविषयी, आज चार गोष्टी सांगत आहोत.

पी.आर. म्हणजे पब्लिक रिलेशन्स, मराठीत जनसंपर्क. हा शब्द आपल्याला अगदीच परका नाही. राज्य सरकारचे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे, 'लोकराज्य' मासिक तेच काढते. सरकारचे म्हणणे लोकांपर्यंत नेण्याचे जे काम हे खाते करते, तेच काम कंपन्या, बँका, रुग्णालये, बिल्डर यांच्यासाठी खासगी एजन्सी महिन्याची फी घेऊन करते. जाहिरात आणि जनसंपर्क यांत मात्र फरक आहे. जाहिरातीची जागा पैसे मोजून विकत घेतात. बातमीची जागा विकत घ्यायची नसते. बातमीदाराला माहिती पुरवायची, छापायचे की नाही ते त्याने ठरवायचे.

अमेरिकेत आयव्ही ली नावाच्या माजी पत्रकाराने १९०६ साली या धंद्याची तत्त्वे जाहीर केली. आम्ही उघडपणे, खरी माहिती पुरवू, असा त्यांचा सारांश होता. आपल्याकडे पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया १९५८ साली स्थापन झाली. २१ एप्रिल १९६८ रोजी दिल्लीच्या परिषदेत या व्यवसायाची आचारसंहिता स्वीकारली गेली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळतात. १९९१ च्या उदारीकरणानंतर कंपन्या वाढल्या आणि त्यांच्यामागोमाग एजन्सीही वाढल्या. दिल्लीत जेनेसिस आणि परफेक्ट रिलेशन्स या १९९२ मधल्या, मुंबईत अॅडफॅक्टर्स १९९७ मधली. आज आपल्या मुलांना मुंबईत जी नोकरी मिळते ती या वाढीतून आलेली आहे.

आता कामाकडे वळू. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की मोठमोठ्या हॉटेलांत कार्यक्रम, सिनेनट, छान कपडे, हाच पी.आर. असावा. पहिल्या वर्षाचे काम याहून फार साधे असते. सकाळी इतरांच्या आधी दहा-बारा वर्तमानपत्रे चाळायची. आपल्या ग्राहक कंपनीचे नाव कुठे आले, तिच्या स्पर्धकाचे कुठे आले, ते शोधून त्याची कात्रणे आणि यादी तयार करायची. पूर्वी कात्री-गोंदाने व्हायचे ते काम आता बहुतांशी संगणकावर होते, पण नजर मात्र माणसाचीच लागते. बातमीदारांची यादी ठेवायची. कोण आरोग्य पाहतो, कोण बाजार पाहतो, कोणाची बदली झाली, हे रोज ताजे ठेवायचे. प्रसिद्धिपत्रक पाठवायचे आणि मग फोन करायचा, "सर, पत्रक मिळालं का?"

हा फोन ही नवख्याची खरी परीक्षा. वीस फोनांपैकी अठरा ठिकाणी "पाहतो" किंवा "आता वेळ नाही" असे उत्तर येते. काही जण तोंडावर फोन ठेवतात. आपली मुले मानी असतात, आणि असायलाच हवीत, पण हा नकार आपल्या जातीला, गावाला किंवा इंग्रजीला दिलेला नसतो. बातमीदारावर संध्याकाळी मजकूर देण्याची घाई असते. संध्याकाळी सहा वाजता फोन केला तर कोणीही वैतागेल. तोच फोन दुपारी बारा वाजता करावा, आधी आपले नाव सांगावे, एका वाक्यात विषय सांगावा आणि गप्प बसावे. त्या बातमीदाराने गेल्या आठवड्यात काय लिहिले ते वाचून फोन केला तर निम्मे काम तिथेच होते.

आपल्या मुलांचे पहिले भय इंग्रजीचे. ऑफिसात सगळे इंग्रजीत बोलतात आणि मराठी शाळेतून आलेला मुलगा बैठकीत मान खाली घालून बसतो. इंग्रजी शिकावेच लागते, त्याला पर्याय नाही. रोज एक इंग्रजी बातमी मोठ्याने वाचावी आणि पाच ओळींची ई-मेल चूक न करता लिहिण्याचा सराव करावा. पण ज्या ऑफिसात सगळे इंग्रजी बोलतात तिथे चांगले मराठी लिहिणारा कोण असतो, हेही पाहावे. लोकसत्ता, महाराष्ट्र टाइम्स, लोकमत, सकाळ, पुढारी या पत्रांत बातमी यावी असे प्रत्येक कंपनीला वाटते. तिथे जाणारे पत्रक मात्र पुष्कळदा इंग्रजीतून ओढूनताणून आणलेले असते. "हे घोषित करताना आम्हाला अत्यंत हर्ष होत आहे की" असे वाक्य वाचून उपसंपादक ते बाजूला सारतो. त्याऐवजी "नालासोपारा पूर्वेत रविवारी मोफत नेत्रतपासणी, सकाळी नऊपासून" असे लिहिले तर कोण, काय, कुठे, केव्हा हे एका ओळीत आले. हे जमणारा मुलगा वर्षभरात ऑफिसला हवासा होतो. आता पत्रकाचा पहिला खर्डा यंत्रही लिहून देते. तरी नाव बरोबर आहे का, आकडा खरा आहे का, आपल्या माणसांना हे वाक्य कळेल का, हे तपासायला माणूसच लागतो.

दुसरे भय आडनावाचे आणि पत्त्याचे. "विरारहून येतोस? रोज?" असे कोणी हसून विचारते. आडनाव ऐकून गाव विचारते, गाव ऐकून आणखी काही विचारू पाहते. उत्तर सरळ द्यावे, पूर्ण नाव सांगावे आणि कामाला लागावे. नाव लपवून नोकरी टिकत नाही, फक्त रोजची धाकधूक वाढते.

या कामाचा गाभा समजून घ्यायला लांब जायला नको. आपल्या सोपाऱ्यातच १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात, अशोकाने धम्मयात्रा सुरू केल्या, त्या यात्रांत वृद्धांना भेटणे, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटणे, त्यांना सांगणे आणि त्यांना विचारणेही होते, असा या लेखाचा आशय आहे. तो संस्कृतात नाही, लोकांना कळणाऱ्या प्राकृतात आहे. लोकांच्या भाषेत बोलावे, आणि सांगण्याबरोबर विचारावेही, जनसंपर्काचा याहून चांगला धडा आम्हाला ठाऊक नाही.

पण हे हत्यार दुधारी आहे. १९२९ साली न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड बर्नेस या जनसंपर्कतज्ज्ञाने एका सिगारेट कंपनीसाठी तरुणींना भर मिरवणुकीत सिगारेट ओढायला लावले आणि त्याला स्वातंत्र्याच्या मशाली असे नाव दिले. बातमी सगळीकडे छापून आली, त्यामागे कंपनी होती हे लोकांना कळले नाही. आपल्याकडे २००९ च्या निवडणुकांत पैसे घेऊन बातम्या छापल्याचे प्रकरण गाजले आणि २०१० मध्ये प्रेस कौन्सिलने त्यावर अहवाल दिला. तेव्हा नवख्याने एक नियम मनाशी बांधावा. कंपनीची चांगली बाजू मांडणे हे काम आहे. खोटा आकडा लिहिणे किंवा बातमीदाराला पाकीट देणे हे काम नाही. साहेबांनी तसे सांगितले तर "हे लेखी द्या" एवढेच नम्रपणे म्हणावे. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. संपला नाही तर दुसरी नोकरी शोधायला लागावे, कारण या धंद्यात बातमीदाराचा विश्वास हेच भांडवल आहे आणि ते एकदा गेले की परत मिळत नाही.

आता हिशेब. आम्ही कारकून माणसे, तो केल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. नेमणूकपत्रावर "सी.टी.सी." म्हणून जो आकडा असतो तो हातात येणारा पगार नव्हे. समजा, महिन्याला २०,००० रुपये सी.टी.सी. आहे आणि मूळ पगार १२,००० आहे. बहुतेक ठिकाणी मालकाने भरायचा भविष्यनिर्वाह निधी, म्हणजे १२ टक्क्यांप्रमाणे १,४४० रुपये, आणि राज्य कामगार विम्याचा ३.२५ टक्के वाटा याच वीस हजारांत धरलेला असतो. तो वजा जाता सुमारे १८,००० उरतात. त्यातून मुलाचा स्वतःचा निधी १,४४०, विम्याचा ०.७५ टक्के वाटा आणि व्यवसाय कर २०० रुपये गेले की हातात सोळा हजारांच्या थोडे वर पडतात. एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर नाही, म्हणून मुलीच्या हाती दोनशे जास्त. निधीचे पैसे गेले असे समजू नये, ते तिच्याच नावावर साठतात. विम्यामुळे औषधोपचाराची सोय होते. म्हणून रुजू होताना यू.ए.एन. क्रमांक मागून घ्यावा.

काही ठिकाणी पगाराऐवजी "व्यावसायिक शुल्क" देतात. त्यात निधी नाही, विमा नाही, वर दहा टक्के करकपात. ती कपात विवरणपत्र भरून परत मागता येते, पण आपण नोकर नसून कंत्राटी आहोत हे समजूनच सही करावी. बिनपगारी "अनुभवा"ला मुदत ठरवून घ्यावी. मूळ गुणपत्रिका कोणाकडेही ठेवायला देऊ नये, दाखवाव्यात आणि परत घ्याव्यात.

प्रवासाचाही हिशेब घरच्यांनी करावा. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर. लोअर परळला ऑफिस असेल तर तिथे फास्ट थांबत नाही, दादरला उतरून स्लो पकडावी लागते. जिथे गिरण्यांचे भोंगे वाजत, जिथे आपले आजोबा १९८२ च्या संपापर्यंत पाळी करत, तिथेच आता काचेची ऑफिसे आहेत. तिथे नात खुर्चीवर बसते, पण ती सकाळी सातला घर सोडते आणि रात्री नऊला परतते. तिने आल्यावर पाण्याचा हंडा भरावा, भाकऱ्या टाकाव्यात, अशी अपेक्षा असेल तर ती नोकरी सहा महिनेही टिकणार नाही. मुलगा असता तर आपण ताट वाढून दिले असते, हे आठवावे.

एखादा कार्यक्रम रात्री उशिरा संपतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे स्त्रीला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचे तर तिची संमती हवी आणि सुरक्षिततेची व वाहनाची सोय मालकाने करायला हवी. दहा किंवा अधिक माणसे कामावर असतील तिथे लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. मुलीला ही माहिती पहिल्याच दिवशी असावी. "रात्रीचे काम नकोच" म्हणून तिची नोकरी सोडवण्याआधी गाडीची सोय मागायला तिला बळ द्यावे.

सरकारी परीक्षेचे काय? ती द्यावी, आम्ही कधीच नको म्हणणार नाही. पण परीक्षेची वाट पाहत चार वर्षे घरी बसण्यापेक्षा नोकरी करत परीक्षा द्यावी. एक वर्ष नेटाने करावे. वर्षअखेर कागद घेऊन लिहावे, किती बातमीदार आपल्याला नावाने ओळखतात, किती पत्रके आपण स्वतः लिहिली, पगार किती वाढला. कागद भरला तर पुढे जावे, कोरा राहिला तर बदल करावा.

आणि या शिक्षणाचा उपयोग वस्तीलाही आहे. आपल्या मंडळांची पत्रके आठवा. चार पाने, त्यांतली दोन उपस्थित मान्यवरांच्या नावांची, आणि नळाला आठ दिवस पाणी नाही ही गोष्ट शेवटच्या ओळीत. ते छापून येत नाही, मग आपण वर्तमानपत्रांना दोष देतो. तो दोष कधी खराही असतो. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले तेव्हा पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही, हे बाबासाहेबांनी नोंदवून ठेवले आहे. म्हणूनच वर्तमानपत्राचे दार कसे उघडते ते शिकलेले मूल प्रत्येक वस्तीत असायला हवे. पाण्याची ओळ ते पहिली घालील, नावांची यादी काढून टाकील आणि दुपारी बारा वाजता योग्य माणसाला फोन करील.

तेव्हा घरात कोणी अशा नोकरीला लागले असेल तर आज रात्री जेवताना "पर्मनंट कधी होणार?" हे विचारू नका. "आज काय छापून आणलंस?" असे विचारा आणि ते कात्रण वाचून दाखवायला सांगा.