टोमण्याआडची गरज

“माझं काय, मला काहीही चालतं,” हे वाक्य मराठी घरात सद्गुणाची खूण मानले जाते. ते उच्चारणारी व्यक्ती बहुधा आई असते, कधी आजोबा, कधी थोरला भाऊ. शिळी पोळी स्वतःच्या ताटात वाढून घेणारी, प्रवासात खिडकीजवळची जागा दुसऱ्याला देणारी, दिवाळीला सर्वांची खरेदी करून स्वतःचे तेवढे विसरणारी ही माणसे आपल्या आदराचा विषय असतात आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु याच घरात, त्याच तोंडून, चार दिवसांनी “आम्हाला कोण विचारतंय आता!” किंवा “घराची नुसती धर्मशाळा करून ठेवली आहे” असे एखादे वाक्य बाहेर पडते. ऐकणारा दुखावतो, उलट उत्तर देतो किंवा मोबाईलमध्ये डोके खुपसून बसतो. ‘काहीही चालतं’ आणि ‘कोण विचारतंय’ ही दोन वाक्ये एकमेकांची सख्खी भावंडे आहेत, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. जी गरज सरळ शब्दांत मागता आली नाही, ती टोमण्याचा वेष घेऊन परत येते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शल रोझेनबर्ग (१९३४–२०१५) यांनी आपले बहुतेक आयुष्य याच विषयाला वाहिले. त्यांचे बालपण डेट्रॉइट शहरात गेले. जून १९४३मध्ये तेथे भीषण वांशिक दंगल उसळली आणि ३४ जण मृत्युमुखी पडले. पुढे शाळेत केवळ ज्यू आडनावापायी त्यांना मार खावा लागला. काही माणसे इतकी क्रूर का होतात आणि काही माणसे अत्यंत बिकट परिस्थितीतही करुणा कशी टिकवतात, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या मनात घर करून राहिला. विस्कॉन्सिन विद्यापीठातून १९६१मध्ये डॉक्टरेट मिळवल्यानंतर, कार्ल रॉजर्स यांच्या विचारांचा संस्कार घेऊन, त्यांनी जी पद्धती विकसित केली तिला ‘अहिंसक संवाद’ असे नाव दिले. अहिंसा हा शब्द आपण गांधीजींच्या अर्थाने वापरतो, असे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. १९८४मध्ये त्यांनी या कामासाठी संस्था स्थापन केली आणि १९९९मध्ये त्यांचे या विषयावरील प्रसिद्ध पुस्तक निघाले.

पद्धती ऐकायला अगदी साधी आहे. जे घडले ते शेरा न मारता सांगावे, त्यामुळे मनात काय उमटले ते सांगावे, त्या भावनेमागे आपली कोणती गरज आहे ती ओळखावी आणि मग समोरच्याला करता येईल अशी नेमकी विनंती करावी. निवृत्त वडील जेव्हा “या घरात माझी काही किंमत नाही” असे म्हणतात, तेव्हा मुलाच्या कानावर आरोप पडतो आणि तो औषधपाण्याचा, डॉक्टरांच्या बिलांचा हिशेब मांडू लागतो. वडिलांना हिशेब नको असतो. घटना एवढीच असते, की घराची दुरुस्ती काढायचे ठरले आणि ते त्यांना गवंड्याकडून कळले. चाळीस वर्षे ज्या घराचे प्रत्येक खिळामोळ्याचे काम ज्यांनी स्वतः पाहिले, त्यांना वाईट वाटले. निर्णयात आपला सहभाग असावा, ही त्यांची गरज. आणि विनंती कदाचित एवढीच, की रविवारी सकाळी अर्धा तास बसून नकाशा मलाही दाखव. एवढे बोलायला दोन मिनिटे पुरतात. मात्र ती दोन मिनिटे न मिळाल्याने, किंवा न मागितल्याने, कित्येक घरांत वर्षानुवर्षे अबोला नांदतो.

मराठीत बोलणाऱ्यासाठी येथे एक खास अडचण आहे. आपले ‘वाटणे’ हे क्रियापद भावना आणि मत या दोहोंसाठी राबते. ‘मला एकटं वाटतं’ ही भावना झाली. ‘मला वाटतं, तुम्ही मुद्दाम उशिरा येता’ हा सरळसरळ निवाडा आहे, पण तो भावनेच्या कपड्यांत येतो. बोलणाऱ्याला मन मोकळे केल्याचे समाधान मिळते आणि ऐकणाऱ्याला मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागते. याउलट आपल्या भाषेने एक सोयही करून ठेवली आहे. मराठीत माणसाला राग ‘येतो’, भूक ‘लागते’, आठवण ‘येते’. आलेल्याला तू कोठून आलास असे विचारता येते. तो बहुतेक वेळा आपल्याच एखाद्या अपुऱ्या राहिलेल्या गरजेच्या घरून आलेला असतो. समोरची व्यक्ती केवळ निमित्त असते.

गरज म्हटले की आपल्याला अन्न, वस्त्र, निवारा एवढेच आठवते. चिलीचे अर्थतज्ज्ञ मॅनफ्रेड मॅक्स-नीफ यांनी मानवी मूलभूत गरजांची जी नऊ अंगे सांगितली, त्यांत निर्वाह आणि संरक्षण यांच्याबरोबर स्नेह, आकलन, सहभाग, निर्मिती, ओळख, स्वातंत्र्य आणि निवांतपणा यांनाही तेवढेच स्थान आहे. यांतील निवांतपणाचा शब्द वाचून किती गृहिणी क्षणभर थांबतील, याची कल्पना करावी.

अशा वेळी ‘हे तर आमच्याकडे पूर्वीपासून आहेच’ असे म्हणण्याचा मोह आपल्याला होतो. तो अगदीच निराधार नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे : कोणाला उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असे बोलणे. यात सत्य आणि प्रिय ही दोन्ही विशेषणे एकत्र आहेत, हे महत्त्वाचे. आपण मात्र व्यवहारात त्यांची फाळणी केली. घराबाहेर प्रिय बोलायचे आणि घरात सत्य, तेही फटकारून. शिवाय आपल्या मनात एक गृहीतक खोल रुजले आहे, की स्वतःसाठी काही मागणे म्हणजे स्वार्थ. त्याग हे मूल्य थोर आहे, यात शंका नाही. तथापि त्याग तोच करू शकतो, ज्याला आपण काय सोडतो आहोत हे ठाऊक असते. ज्याने स्वतःची गरज कधी ओळखलीच नाही, त्याच्या त्यागात हिशेब साठत जातो आणि व्याजासह वसूल होतो.

रोझेनबर्ग यांच्या पुस्तकात एका आईची हकिकत आहे. स्वयंपाकाचा तिला मनस्वी कंटाळा. तरीही कर्तव्य म्हणून वीस वर्षे ती रोज रांधत होती. शिबिराहून घरी परतल्यावर तिने यापुढे मी स्वयंपाक करणार नाही, असे सांगून टाकले. पुढे तिच्या मुलाने रोझेनबर्ग यांना सांगितले, की ते ऐकून त्याने देवाचे आभार मानले. निदान आता प्रत्येक जेवणाच्या वेळी तक्रारी तरी ऐकाव्या लागणार नाहीत! आपल्याकडे लगेच चूल बंद करावी, असे कोणी सुचवत नाही. परंतु वीस वर्षांच्या त्यागाचे घरच्यांच्या पदरात नेमके काय पडले होते, हे पाहण्यासारखे आहे.

सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या घरी तर हा प्रश्न अधिक नाजूक होतो. पती बैठका, प्रवास, उत्सव यांत गुंतलेला. पत्नी येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चहापाणी, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची पथ्ये सांभाळणारी. निरोपसमारंभात किंवा षष्ट्यब्दीपूर्तीला ‘यांच्या पाठीशी वहिनी खंबीरपणे उभ्या होत्या’ असे एक वाक्य तिच्या वाट्याला येते. त्या वहिनींना पस्तीस वर्षांत काय हवे होते, हे सभेतील कोणी विचारलेले नसते. कदाचित महिन्यातून एक संध्याकाळ हवी असेल, फोन बंद ठेवून. एवढी मागणी मोठ्या कार्यापुढे क्षुद्र वाटते म्हणून ती करत नाही. समाजाची वेदना दुरून ओळखणाऱ्या माणसाला घरातील मौन ऐकू येऊ नये, हे कार्याच्याही दृष्टीने हिताचे नाही.

विनंती आणि हुकूम यांतील भेद ओळखण्याची कसोटी सोपी आहे : नकार मिळाल्यावर आपण काय करतो? “जमलं तर मला सोडायला येशील का?” हे शब्द कितीही मऊ असोत, “आज नाही जमणार” असे ऐकल्यावर “राहू दे, आमची सवय आहे रिक्षाने जायची” असे निघाले, तर तो हुकूमच होता. मुले हे फार लवकर ओळखतात.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. चार पायऱ्या पाठ करून बोलणारा माणूस अनेकदा कृत्रिम वाटतो, आणि शिबिरातून नुकतेच परतलेले लोक काही दिवस घरच्यांना नकोसे करतात, असे माझे निरीक्षण आहे. त्याहून गंभीर बाब अशी, की जेथे मारहाण आहे, दहशत आहे, तेथे पीडितेनेच गोड शब्दांत विनंती करावी असे सांगणे निर्दयपणाचे आहे. संरक्षणासाठी बळाचा वापर रोझेनबर्ग यांनीही त्याज्य मानलेला नाही. आपल्या देशात २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने शाब्दिक आणि भावनिक छळाचाही हिंसेच्या व्याख्येत समावेश केला आहे. ज्या स्त्रीला त्याची गरज आहे, तिने कायद्याचेच दार ठोठावावे.

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा २००७मध्ये झाला. त्यानुसार वृद्ध आई-वडील न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात आणि मूळ कायद्यात दरमहा १० हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मंजूर करण्याची तरतूद आहे. ज्यांच्या मुलांनी त्यांना खरोखरच वाऱ्यावर सोडले, त्यांच्यासाठी हा आधार मोलाचा आहे. परंतु या कायद्यात आणखी एक तरतूद आहे, तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. अर्जाची सुनावणी सुरू करण्यापूर्वी न्यायाधिकरण तो अर्ज समेट अधिकाऱ्याकडे पाठवू शकते आणि त्या अधिकाऱ्याने एक महिन्याच्या आत आपला अहवाल द्यायचा असतो. एक परका मनुष्य, सरकारी टेबल, समोरासमोर दोन खुर्च्यांवर बाप आणि मुलगा. गवंड्याची आणि नकाशाची गोष्ट कदाचित तेथे प्रथमच उच्चारली जाईल.