लेबलावरचा युनिकॉर्न

२०२५च्या जूनमध्ये माझ्या हातून एक चूक झाली. तेव्हा ती चूक वाटली नव्हती, उलट मी स्वतःवर जाम खूश होतो.

झालं असं, की पुण्यात राहणाऱ्या ताईच्या मोबाईलवर भाचीच्या शाळेची यादी आली. भाची तिसरीत. वह्या अमुक इतक्या, सगळ्यांना खाकी कव्हर, वर पारदर्शक प्लास्टिक आणि उजव्या कोपऱ्यात छापील लेबल. ताई आणि भाऊजी दोघंही माझ्यासारखेच आयटीवाले. म्हणजे सोमवार ते शनिवार वेळ नाही आणि रविवारी झोप. मी म्हटलं, "ताई, हे माझ्यावर सोड." दहा मिनिटांत ऑनलाइन ऑर्डर! लेबलावर भाचीचा फोटो, नाव, इयत्ता, मागे गुलाबी युनिकॉर्न. कव्हरंसुद्धा तयार मिळतात, वही आत सरकवली की काम फत्ते. शाळा उघडणार १६ जूनला आणि माल १३ तारखेला घरात. (ऑफिसातल्या एकाही प्रोजेक्टमध्ये मी हे करून दाखवलेलं नाही.)

चार दिवसांनी ताईचा फोन. भाची रोज भलतीच वही काढते म्हणे. बरोबरच आहे. डझनभर वह्या, सगळ्या खाकी, सगळ्यांवर तोच फोटो, तोच युनिकॉर्न. विषयाचं नाव खाली मुंगीएवढ्या अक्षरात. गणिताच्या तासाला परिसर अभ्यासाची वही निघाली, वर्ग हसला, ही घरी येऊन रडली. एका फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल_नवीन', 'फायनल_फायनल_२' अशा फायली ठेवणाऱ्या माणसाने लेबलांचं कंत्राट घेतलं की दुसरं काय होणार?

त्याच शनिवारी मी गावी निघालो. गाव म्हणजे सुलतानपूर, तालुका लोणार, जिल्हा बुलढाणा. मेहकरकडून लोणारचं सरोवर बघायला गेलात तर आमच्या गावावरून जाता. बहुतेक लोक चहा पितात आणि गावाचं नाव विसरतात. असो. विदर्भात ऊन उतरायला वेळ लागतो म्हणून शाळाही बाकी महाराष्ट्राच्या मागाहून उघडतात, त्या वर्षी २३ जूनला. त्यामुळे मी घरी पोचलो तो रविवार म्हणजे आमच्याकडे कव्हरं घालायचा दिवस.

ओसरीत दादाच्या मुलाने पसारा मांडला होता. पोरगा पाचवीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत. समोर जुन्या कालनिर्णयची पानं, बियाण्याच्या कंपनीची रंगीत पत्रकं, दोन-तीन लग्नपत्रिका, कात्री आणि डिंक संपला म्हणून वाटीत भाताची शितं. आई शेजारी तांदूळ निवडत बसलेली. हात लावत नव्हती, फक्त तोंडी सूचना. वही मधोमध ठेव. तीन बोटं कागद जास्त धर. शिवणीपाशी वर-खाली दोन काप दे, मधली जीभ आत दुमड. कोपरा तिरका मोड, नाहीतर आठ दिवसांत फाटंल. तीस वर्षांत या पद्धतीत एकही बदल झालेला नाही, आणि ती कुठे लिहूनही ठेवलेली नाही!

मी विचारलं, "अरे, लेबलं तर अजून लावली नाहीत. यातली गणिताची कोणती?"

"हे पाय ना काका, मोठे आकडे हायेत ते."

कालनिर्णयचा मार्च महिना, आकडे बाहेर. मराठीच्या वहीला त्याच कॅलेंडरची मागची बाजू, कसल्या तरी वड्यांची कृती. परिसर अभ्यासाला सोयाबीनचं हिरवंगार शेत. इंग्रजीला लग्नपत्रिकेतला इंग्रजी मजकूर चिकटवलेला, अमुक वेड्स तमुक. दप्तरात न बघता हात घातला तरी कागदाच्या गुळगुळीतपणावरून याला वही कळते. आम्ही डेटाबेसला इंडेक्स लावायचा पगार घेतो आणि इथे हा शितं लावून तेच करत होता.

आता इथे थांबून "गावातली मुलं किती कल्पक, शहरातली किती बिचारी" असा गळा काढणं सोपं आहे. मी तो काढणार नाही, कारण मी त्या ओसरीत बसलेलो आहे. जून हा आमच्याकडे पेरणीचा महिना. बियाणं, खत, शाळा, तिन्ही एकदम दारात उभे राहतात आणि त्यात वहीच्या कव्हराचा नंबर शेवटचा. माझ्या वह्यांना वर्तमानपत्राची कव्हरं असायची. पोळ्यापर्यंत ती फाटायची आणि वर्गात शाई लागलेले हात घेऊन मी मागच्या बाकावर. सहावीत गुरुजींनी खाकी कव्हर सक्तीचं केलं तेव्हा आईने कापडाच्या दुकानातून आलेल्या खाकी पिशव्या उसवल्या आणि त्या उलट्या करून कव्हरं घातली. इतिहासाच्या वहीच्या आत वर्षभर दुकानाचं नाव आणि 'एकदा अवश्य भेट द्या' होतं. पण बाहेरून माझी वही पहिल्या बाकावरच्या पोरासारखीच दिसत होती. त्याचं सुख काय असतं ते मला विचारा. तेव्हा खाकीला माझा विरोध नाही. गणवेशामागे जो विचार आहे तोच खाकीमागे आहे, आणि तो बरा विचार आहे.

कव्हराचा हिशोबही असायचा. आठवीपर्यंत बालभारतीची पुस्तकं शाळेत फुकट मिळायची. नववी-दहावीची मी वरच्या वर्गातल्या मुलाकडून निम्म्या किमतीत घेतली आणि वर्ष संपल्यावर खाली विकली. कव्हर असलेल्या पुस्तकालाच निम्मी किंमत. मध्यंतरी २०२३-२४ पासून सरकारने पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं घालून पुस्तकं चार भागांत काढायचा प्रयोग केला होता. दप्तर हलकं व्हावं हा हेतू. तो २०२५-२६ पासून बंद झाला. वह्या परत वेगळ्या झाल्या आणि कव्हरंही.

माझा राग आहे तो आपल्यावर. तुमच्या-माझ्यासारख्या, हातात पैसा आणि डोक्यात घाई असलेल्या लोकांवर. वर्षाच्या सुरुवातीचं हे एक काम मुलांचं होतं. वाकडं कापायचं, सुरकुत्या पाडायच्या, 'विज्ञान'मधला 'ज्ञ' चुकवायचा आणि तरी ती वही माझी म्हणायची. ते काम आपण मुलांच्या हातून काढून घेतलं, कारण ते आपल्याला त्यांच्यापेक्षा सुबक जमतं. नाही, खरं तर आपल्यालाही जमत नाही, आपण फक्त ऑर्डर करतो. आणि शाळांना माझं म्हणणं आहे, की कव्हर एकसारखं हवं तर जरूर ठेवा, पण लेबल छापील कशाला? कुणाचं अक्षर वाकडं आहे ते दिसू द्या की! तिसरीतच आहेत ती.

छापील लेबलाची आणखी एक गंमत मला त्या दिवशी कळली. त्यावर काय लिहायचं ते आधीच ठरलेलं असतं. माझ्या सगळ्या वह्यांवरची लेबलं आईने लिहिली. सातवीपर्यंत शिकलेली, पण अक्षर आमच्या घरात तिचंच चांगलं. दहा वर्षं ती लिहीत आली, माझं नाव, बाबांचं नाव, आडनाव. तिचं स्वतःचं नाव पहिल्यांदा नीट छापलेलं मी पाहिलं ते दहावीच्या गुणपत्रिकेवर, वेगळ्या ओळीत. आता नियम बदललाय. १ मे २०२४ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. आमचा पोरगा काही त्या नियमात बसत नाही. पण वहीच्या लेबलाला कुठला शासन निर्णय लागतो?

मी त्याला एवढंच विचारलं, "आईचं नाव नाही टाकत?" त्याने मान वर केली. "चालते का?"

"वही तुझी आहे."

दरम्यान ताईला फोन करून भाचीपुढे आईची टिकल्यांची पाकिटं आणि स्केचपेन ठेवायला सांगितलं. संध्याकाळी फोटो आला. गणिताच्या कण्यावर तीन लाल टिकल्या, मराठीच्या कण्यावर एक हिरवी. युनिकॉर्नला मिशा काढल्या होत्या.

इकडे चार शब्द एका ओळीत मावेनात. त्याने लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूचं मोठं लेबल कापलं, जीभ बाहेर काढून लिहिलं आणि शितं लावून चिकटवलं. वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या, वाकून बघितलं, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्या नावाला पहिली नाही, दुसरी वेलांटी हाय."

पोराने नवी पत्रिका ओढली आणि दुसरं लेबल कापायला घेतलं.